हलक्या धातूचे भारी घड्याळ



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, राज्यघटना आणि अर्थकारण यांची चर्चा व्हायची, तेथे मनगटी घड्याळाच्या डबीवर, आणि तीही टायटॅनियम नावाच्या एका धातूच्या डबीवर, तासभर काय बोलायचे? पण आमच्या मते या डबीत एक चांगला प्रश्न दडलेला आहे. वस्तू महाग असते म्हणजे तिच्यात नेमके काय असते, हा तो प्रश्न.

आपल्याकडे किमतीची कल्पना वजनाशी पक्की बांधलेली आहे. इतवारीच्या सराफ्यात तोळ्यावर भाव ठरतो. भांडे घेताना गृहिणी ते हातात तोलून पाहते. भाषाही तीच साक्ष देते. मानाचा माणूस ‘भारदस्त’ किंवा ‘वजनदार’, आणि निकृष्ट कापड ‘हलके’. ज्याचे कान हलके त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, आणि ‘हलकट’ तर शिवीच झाली. अशा समाजात एखादा मनुष्य काही लाख रुपये मोजून घड्याळ आणतो, ते घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात देतो आणि ते म्हणतात, “अरे, हे तर पत्र्याचे दिसते!” त्यांचे काही चुकलेले नसते. त्यांच्या हाताला जे शिकवले गेले तेच हात बोलला.

आधी वजनाचाच हिशेब करू. एक घन सेंटिमीटर टायटॅनियमचे वजन साडेचार ग्रॅम. तेवढ्याच पोलादाचे सुमारे आठ ग्रॅम, आणि शुद्ध सोन्याचे एकोणीस ग्रॅमहून थोडे अधिक. म्हणजे ज्या घड्याळाची डबी आणि साखळी पोलादात दीडशे ग्रॅम भरते, ती त्याच आकाराची टायटॅनियममध्ये केली तर पंच्याऐंशी ग्रॅमच्या आसपास भरेल. आणि अठरा कॅरट सोन्यात केली तर पाव किलोच्याही पुढे जाईल. दिवसभर मनगटावर वागवायच्या वस्तूत हा फरक लहान नव्हे. तरीही हलकेपणा हा पूर्वी महाग घड्याळाचा गुण मानला जात नसे. महाग घड्याळ सोन्याचेच असायचे, पातळ असायचे आणि सदऱ्याच्या बाहीखाली लपायचे.

हा समज मोडण्याचे काम आधी पोलादाने केले. १९७२ साली ओडमार पिगे या स्विस कंपनीने ‘रॉयल ओक’ नावाचे अष्टकोनी घड्याळ काढले. जेराल्ड जेंटा हे त्याचे रचनाकार. घड्याळ साध्या बिनगंजी पोलादाचे, किंमत मात्र सोन्याच्या घड्याळांना मागे टाकणारी! लोक हसले, आणि मग घेऊ लागले. चार वर्षांनी पाटेक फिलिपनेही ‘नॉटिलस’ काढले. खेळाच्या मैदानावर, पाण्यात, बोटीवर वापरता येईल असे घड्याळ, आणि तरीही श्रीमंतांचे, अशी एक नवी जात तेव्हापासून बाजारात रुजली. धातूच्या किमतीचा आणि घड्याळाच्या किमतीचा संबंध तुटला तो येथे.

टायटॅनियम मात्र याच्याही दोन वर्षे आधी मनगटावर आले होते, आणि ते स्वित्झर्लंडमधून नव्हे तर जपानमधून. १९७० साली सिटिझन कंपनीने ‘एक्स-८ क्रोनोमीटर’ हे टायटॅनियमच्या डबीचे घड्याळ केले. जगातले पहिले म्हणून त्याची नोंद आहे. आपल्या श्रोत्यांना सिटिझन हे नाव परके वाटू नये. १९६१ साली बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला तो याच कंपनीच्या सहकार्याने. ज्या एचएमटीच्या घड्याळाने आपल्यापैकी कित्येकांच्या लग्नात, मॅट्रिकच्या निकालात आणि निवृत्तीच्या समारंभात हजेरी लावली, त्याचे गुरुघर तेच. फरक एवढाच की गुरू नव्या धातूकडे वळला, आणि शिष्याची वाटचाल २०१६ साली सरकारने कारखाने बंद करण्याचे ठरवले तेथे अडखळली.

पुढे १९८० साली आयडब्ल्यूसी आणि पोर्शे डिझाइन यांनी मिळून टायटॅनियमचे क्रोनोग्राफ काढले, आणि १९८२ साली ‘ओशन २०००’ हे दोन हजार मीटर खोल पाण्याचा दाब सोसणारे घड्याळ. जर्मन नौदलाच्या सुरुंग काढणाऱ्या पाणबुड्यांसाठीही त्याची एक आवृत्ती निघाली. पाण्यातले काही सुरुंग चुंबकीय संवेदनेने उडतात. लोखंडी वस्तू घेऊन त्यांच्याजवळ जाणे म्हणजे मरणाला आवतण. टायटॅनियमला लोहचुंबक ओढत नाही. येथे हा धातू हौसेखातर नव्हे, जिवाखातर निवडला गेला होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

आता आपल्या नागपूरच्या मनगटाकडे येऊ. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि मनगटावर घामाची धार लागते. जुन्या काळच्या स्वस्त घड्याळांची डबी पितळेची असे आणि वर क्रोमचा मुलामा. पट्टा जेथे अडकतो त्या शिंगांपाशी घामाने मुलामा उडायचा आणि आतले पितळ हिरवे पडायचे. सीताबर्डीवरच्या कोणत्याही जुन्या घड्याळजीला विचारा, तो अशा खाल्लेल्या डब्यांची रास दाखवील. घाम म्हणजे मिठाचे पाणी. बिनगंजी पोलाद त्याला बऱ्यापैकी पुरून उरते. टायटॅनियमला तो शिवतच नाही. हवा लागताच या धातूवर प्राणवायूशी संयोग होऊन एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो. तो ओरखड्याने गेला तर तत्क्षणी पुन्हा धरतो. समुद्राच्या पाण्यातही त्याचे काही चालत नाही.

दुसरी गोष्ट निकेलची. घड्याळांच्या डब्यांना जे ‘३१६ एल’ पोलाद वापरतात त्यात दहा ते चौदा टक्के निकेल असते. ज्यांच्या त्वचेला निकेल सोसत नाही त्यांना घामाच्या दिवसांत घड्याळाखाली लाल चकंदळ उठते. टायटॅनियममध्ये निकेल मिसळावे लागत नाही. किंबहुना शरीराला हा धातू इतका मानवतो की खुब्याच्या कृत्रिम सांध्याचा दांडा आणि दाताची बसवलेली मुळे बहुधा याचीच असतात. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांना टायटॅनियमला हाड घट्ट धरते हे १९५० नंतरच्या काळात दिसले, आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाला अशी मुळे बसवली. तेव्हा या सभागृहातील एखाद्या आजीबाईंच्या खुब्यात जो धातू आहे, तोच त्यांच्या नातवाच्या घड्याळात असण्याचा संभव आहे. आणि आमच्या मते दोहोंपैकी आजीबाईंचा व्यवहार अधिक शहाणपणाचा.

तिसरी गोष्ट स्पर्शाची. थंडीत पोलादी घड्याळ मनगटावर चढवले की अंगावर काटा येतो, आणि उन्हात ठेवलेले उचलले की चटका बसतो. टायटॅनियमचा, विशेषतः घड्याळात वापरतात त्या मिश्रधातूचा, तसा अनुभव येत नाही. तो उन्हात कमी तापतो असे नाही, तापतो तेवढाच. पण त्याच्यातून उष्णता हळू वाहते, म्हणून हाताला ती एकदम पोचत नाही. लाकडी मुठीच्या भांड्याचे जे तत्त्व तेच काही अंशी येथे.

पण जाहिरातीने या धातूभोवती एक पोवाडा रचला आहे. “टायटॅनियम पोलादाहून कठीण, त्याला ओरखडा पडत नाही” हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येते, आणि ते सरळ चूक आहे. टायटॅनियमचे पुष्कळ प्रकार आहेत. घड्याळात मुख्यतः दोन येतात. ‘ग्रेड २’ म्हणजे जवळजवळ शुद्ध धातू. तो मऊ असतो, रंगाने करडा, आणि त्याला ओरखडे पोलादाइतकेच किंवा अधिक लवकर पडतात. ‘ग्रेड ५’ मध्ये शंभरातले सहा भाग ॲल्युमिनियम आणि चार भाग व्हॅनेडियम. हा विमानाचा मिश्रधातू. तो ताण सोसण्यात ३१६ एल पोलादाच्या पावणेदोनपट, शिवाय बराच कठीण, आणि त्याला आरशासारखी झिलई आणता येते. दोघांनाही घड्याळावर ‘टायटॅनियम’ एवढेच नाव मिळते. काही कंपन्या वरच्या थरावर प्रक्रिया करून तो कठीण करतात. सिटिझन त्याला ‘ड्युराटेक्ट’ म्हणते. ही प्रक्रिया नसेल तर वर्ष-दोन वर्षांत घड्याळ स्वयंपाकघरातल्या वापरलेल्या पातेल्यासारखे दिसू लागते. काहींना ते आवडते. आम्हालाही आवडते, पण विकणाऱ्याने ते आधी सांगावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा धातू महाग का? पुष्कळांचे उत्तर असते, “दुर्मीळ म्हणून.” श्रोतेहो, हे उत्तर नागपुरात बसून तरी कोणी देऊ नये! सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती काळ्या अग्निजन्य खडकाची आहे. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या पाद्रीसाहेबांनी, ज्यांचे नाव आपल्या हिस्लॉप कॉलेजला आहे, या टेकडीच्या थरांचा अभ्यास केला आणि नागपूरचे नाव भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत नेले. दख्खनच्या या काळ्या खडकात टायटॅनियमचे भस्म साधारण दोन-तीन टक्के असते. हा खडक कुजून आपली कपाशीची काळी माती झाली, आणि तिच्या काळेपणात टायटॅनियमयुक्त लोहखनिजाच्या बारीक कणांचाही वाटा आहे. सह्याद्रीच्या पलीकडे हाच खडक झिजून नद्यांनी समुद्रात नेला. लाटांनी हलकी वाळू वाहून नेली आणि जड काळे कण मागे ठेवले. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जे काळे पट्टे दिसतात त्यात इल्मेनाइट आहे, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम यांचे एकत्र खनिज. भूकवचात टायटॅनियम तांब्याच्या शंभरपटीच्या आसपास भरेल. मूलद्रव्यांच्या क्रमवारीत त्याचा नववा नंबर लागतो. तांब्याचा गडवा प्रत्येक देवघरात आहे, आणि शंभरपट विपुल असलेला धातू कोणी शतकानुशतके पाहिलाही नाही!

कारण तो मातीतून सुटत नाही. १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला काळ्या वाळूत एक अनोळखी पदार्थ आढळला. १७९५ साली जर्मनीच्या क्लाप्रोटने त्याला ग्रीक पुराणातल्या टायटनांचे नाव दिले. हे टायटन म्हणजे पृथ्वीचे पुत्र, आपल्याकडच्या दैत्यांसारखे बलाढ्य. पण शुद्ध धातू हाती यायला १९१० साल उजाडले, आणि कारखान्यात काढण्याची रीत सापडायला १९४०. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांनी ती शोधली आणि आजही मुख्यतः तीच चालते.

लोखंड काढायचे तर खनिज आणि कोळसा भट्टीत घातला की काम झाले. टायटॅनियमला ही युक्ती चालत नाही, कारण प्राणवायू सोडला तरी तो कोळशालाच धरून बसतो. म्हणून आधी खनिजातले लोखंड दूर करायचे, मग कोळसा आणि क्लोरिन यांच्या धगीत त्याचे टेट्राक्लोराइड करायचे. हे एक धुरकट, झोंबणारे द्रव आहे. ते ऊर्ध्वपातनाने शुद्ध करायचे, बंद पात्रात वितळलेल्या मॅग्नेशियमवर सोडायचे, आणि आत हवेचा लवलेश राहू नये म्हणून अर्गॉन वायू भरायचा. आठ-नऊशे अंशांवर दिवसचे दिवस हे चालते. शेवटी पात्रात मिळतो तो धातूचा एक सच्छिद्र, करडा गोळा. त्याला स्पंजच म्हणतात. तो फोडायचा, दाबायचा आणि निर्वात भट्टीत विजेच्या ठिणगीवर वितळवायचा. एकदा नव्हे, कित्येकदा दोनदा-तीनदा. एक पात्र भरले, ते थंड झाले, उघडले, रिकामे केले, की पुन्हा पहिल्यापासून. पोलादाच्या भट्टीसारखी अखंड धार येथे नाही.

एवढे करून लगड हाती आली तरी घड्याळवाल्याचे हाल संपत नाहीत. उष्णता हळू वाहते हा जो गुण आपण मघाशी वाखाणला, तोच लेथवर शत्रू होतो. कापताना निघालेली उष्णता धातूत पसरत नाही, हत्याराच्या धारेशीच साचते, आणि धार जळते. बारीक कीस पेट घेऊ शकतो, आणि त्याच्यावर पाणी मारले तर आग भडकते. टायटॅनियमचा स्क्रू टायटॅनियममध्ये फिरवला तर आटे एकमेकांना चिकटून बसतात. आम्ही एका कारागिराला विचारले होते, ते म्हणाले, “पोलाद ऐकते, हा उलट बोलतो.” याहून चांगली व्याख्या आम्हाला पाठ्यपुस्तकात मिळाली नाही.

तर मग लाखांच्या घड्याळात धातूची किंमत किती? टायटॅनियमच्या स्पंजाचा भाव चढतो-उतरतो, पण गेल्या काही वर्षांत तो साधारण किलोला पाचशे ते हजार रुपयांच्या आसपास राहिला आहे. म्हणजे एका घड्याळाच्या डबी-साखळीत राहणाऱ्या मूळ धातूची किंमत एका सावजी जेवणापलीकडे फारशी जात नाही. कातकामात वाया जाणारा धरला, वितळवण्याचा आणि घडवण्याचा खर्च धरला, तरी तो काही लाखांत जात नाही. उरलेले पैसे यंत्राचे, कारागिरीचे, आणि नावाचे. नावाचा वाटा पुष्कळ. रोलेक्ससारखी कंपनी २०२२ साली ‘डीपसी चॅलेंज’ या अकरा हजार मीटर खोलीसाठी केलेल्या घड्याळाने या धातूत उतरली आणि पुढच्या वर्षी नौकाविहाराच्या घड्याळाने. म्हणजे सिटिझननंतर अर्ध्या शतकाने. धातू तोच होता, मान्यता मात्र तेव्हा मिळाली.

कारागिरीला पैसे मोजण्यास आमची हरकत नाही. चांगले काम करणाऱ्याला चांगले दाम मिळावे. पण जो मनुष्य “ही गुंतवणूक आहे” असे सांगून घरच्यांची समजूत घालतो, त्याने एक लक्षात ठेवावे. आईची बांगडी अडचणीच्या दिवशी इतवारीत नेली तर सराफ तिचे वजन करतो आणि पैसे देतो. टायटॅनियमची डबी तेथे नेली तर तो काटा काढणारही नाही.

आता जे आम्हाला खरोखर टोचते ते सांगतो. घड्याळ कोणी घ्यावे, न घ्यावे, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. पण ही वाळू आपली आहे. केरळच्या चवरा किनाऱ्यावर, तामिळनाडूत मनवलकुरिचीला, ओडिशात छत्रपूरला ती मुबलक आहे. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स या नावाने स्थापन झालेली सरकारी कंपनी ती काढते. जगात या खनिजाचा फार मोठा भाग धातूकडे जातच नाही, पांढऱ्या रंगासाठी जातो. आपल्या घराच्या भिंतीवरचा रंग पांढरा आहे तो बहुधा टायटॅनियमच्या भस्माने. त्रिवेंद्रमला त्याचा कारखाना १९४६ साली निघाला. धातूचा स्पंज मात्र आपण व्यापारी प्रमाणावर करू लागलो ते २०११ साली, चवऱ्याच्या केरळ मिनरल्स अँड मेटल्सच्या कारखान्यात. त्याची रीत हैदराबादच्या संरक्षण-धातुशास्त्र प्रयोगशाळेने बसवली आणि पाठबळ दिले अवकाश संशोधन संस्थेने. क्षमता वर्षाला पाचशे टन. अग्निबाणांना आणि विमानांना तो हवा आहे. घड्याळाला त्यातून काय उरणार? २०२३ साली केंद्र सरकारने तीस ‘अत्यावश्यक खनिजां’ची यादी केली, तीत टायटॅनियम आहे. देशातल्या खाणींचा लेखाजोखा ठेवणारा भारतीय खाण ब्यूरो आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये बसतो, आणि मिहानमध्ये टाटा उद्योगाच्या कारखान्याने बोइंगच्या ज्या ‘७८७’ विमानासाठी संमिश्र द्रव्याच्या तुळया केल्या, त्या विमानाच्या वजनात सुमारे पंधरा टक्के टायटॅनियम आहे. तेव्हा हा विषय नागपूरच्या वेशीबाहेरचा आहे असे कोणी म्हणू नये.

वाळू काढली की सगळे साधले, असेही नाही. चवऱ्याजवळच्या आलप्पाड गावच्या लोकांनी २०१९ च्या सुमारास मोठे आंदोलन केले. खाणकामाने आमची जमीन समुद्र गिळतो आहे, हे त्यांचे गाऱ्हाणे. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवर ज्यांची घरे आहेत, त्यांना धातूच्या स्वावलंबनाच्या गोष्टी सांगताना जीभ जरा जड व्हायला हवी. रत्नागिरीच्या काळ्या वाळूचा विचार कधी झालाच तर तेथल्या कोळीवाड्यांना आधी विचारावे, असे आमचे स्वच्छ मत आहे.

जाता जाता एका घड्याळाची हकीकत सांगतो. फेव्हर ल्युबा हे नाव जुन्या श्रोत्यांना ठाऊक असेल. ल लोक्ल गावी १७३७ साली सुरू झालेल्या या स्विस घराण्याचा मुंबईशी व्यवहार एकोणिसाव्या शतकापासूनचा. त्यांचे ‘सी-किंग’ कित्येक मराठी घरांत होते. १९६२ साली त्यांनी गिर्यारोहकांसाठी ‘बिव्हुॲक’ काढले. हवेच्या दाबावरून उंची सांगणारे ते पहिले मनगटी घड्याळ. २०११ साली हे नाव टाटांच्या टायटन कंपनीने विकत घेतले. टायटन हे नाव धातूवरून आलेले नाही बरे. टाटा आणि तामिळनाडू यांच्या आद्याक्षरांची ती जुळवाजुळव. या मालकांच्या काळात २०१७ साली ‘बिव्हुॲक ९०००’ निघाले. नऊ हजार मीटरपर्यंत उंची मोजणारे, म्हणजे एव्हरेस्टलाही पुरून उरणारे, अठ्ठेचाळीस मिलिमीटर रुंद, आणि डबी टायटॅनियमची. एवढे मोठे यंत्र पोलादात केले असते तर चढणाऱ्याने शिव्या घातल्या असत्या. धातू कामासाठी निवडला, दिखाव्यासाठी नाही, असे आम्ही ज्याला म्हणू ते हे घड्याळ. मालक भारतीय, कारागिरी स्विस. २०२३ साली टायटनने ते नाव विकले, आणि घेणारी कंपनीही भारतीय मालकीचीच, घड्याळे विकणाऱ्या इथॉसची शाखा. विक्रीची पेढी आपली झाली आहे, वाळू तर आपली होतीच; मधला कारखाना अजून व्हायचा आहे.

घ्यायचेच असेल त्यांच्यासाठी एवढेच. ग्रेड कोणती ते लेखी विचारावे. वरचा थर कठीण केलेला आहे की नाही ते पाहावे. साखळीचे स्क्रू घरी खोलू नयेत. आणि वडीलधाऱ्यांच्या हातात देताना किंमत नंतर सांगावी.

श्रोत्यांकडून तीन चिठ्ठ्या आल्या आहेत. अध्यक्षमहाराजांची अनुज्ञा असेल तर त्या क्रमाने घेतो.